आमच्या स्टाफरूमचा ऑनलाइन कोर्स

शाळेतले किस्से म्हटले की लोक पोरांचे सांगतात. आंधळगावजवळच्या आमच्या शाळेत मात्र गेल्या वर्षी पोरं मागे पडली आणि किस्से जमले ते मास्तरांचे. झालं एवढंच, की सगळ्या शिक्षकांनी एक ऑनलाइन कोर्स करायचा असं वरून आलं. कोर्स मराठीत होता, सोपाही होता. अडलं ते त्यातल्या शब्दांवर. मी गणित शिकवतो आणि कॉम्प्युटरची खोलीही माझ्याकडेच, त्यामुळे प्रत्येक नवा शब्द आधी माझ्या टेबलावर यायचा. एकाचा अर्थ सांगून होतो न होतो तोच दुसरा हजर.

* * *

सुरुवात हेडमास्तर कापगते सरांपासून झाली. सकाळीच त्यांचा फोन. आवाज पार खोल गेलेला.

"सर, लॉगिन केलं म्या. तिथं 'ऑडिट' लिहून येऊन राहिलं. आपल्या शाळेचं ऑडिट काहून लागलं?"

शाळेत पोचलो तर ऑफिसातली कपाटं सताड उघडी, क्लार्क पावत्या लावत बसलेला आणि शिपाई समोसे आणायला गेलेला. मी सरांना समजावलं, की इथे ऑडिट म्हणजे कोर्स फुकटात नुसता पाहायचा. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही.

सर खुर्चीत टेकले. "म्हणजे याचं, बसाचं, पाहाचं आन् चालले जाचं?"

"हो."

"मंग आपल्याकडं ऑडिटले येते ते लोकं बी तेच करते. फक्त समोसे जास्तीचे."

* * *

मग मी सरांना सांगितलं, की आपल्याला सर्टिफिकेट हवंय, त्यामुळे ऑडिट नको. आणि घाबरायचं कारण नाही, कोर्स 'सेल्फ-पेस्ड' आहे. म्हणजे ज्याने त्याने आपल्या सवडीने, आपल्या चालीने पुरा करायचा.

सरांना हे फार आवडलं. दुपारच्या सुट्टीत त्यांनी मीटिंग बोलावली आणि उभं राहून सांगितलं, "कोर्स सेल्फ-पेस्ड आहे. कोणावर जबरदस्ती नाही. ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं कराचा. शनिवारपर्यंत."

* * *

इतिहासाचे भोयर सर रिटायरमेंटला आलेले. कोणी काही फुकट देऊ केलं तर नाही म्हणणं त्यांना अपमान वाटतो, देणाऱ्याचा. साइटवर प्रत्येक कोर्सखाली 'एनरोल' आणि पुढे 'फ्री' असं दिसलं, तेव्हा त्यांनी कोणालाच नाराज केलं नाही. आमचा कोर्स तर घेतलाच, शिवाय मधमाशीपालन, फोटोग्राफी आणि जपानी भाषेतही नाव घातलं.

मी सांगितलं, "सर, एनरोल म्हणजे नाव दाखल करणं. आता ते तुमची वाट पाहतील."

"पाहू दे ना. आपलं काय जाते?"

काही दिवसांनी त्यांच्या फोनवर मेल आला. 'तुमची आठवण येते. परत कधी येताय?' नेमका फोन तेव्हा घरी काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी भोयर सर डबा न घेता शाळेत आले. मागोमाग काकूच डबा घेऊन आल्या. डबा सरांना न देता माझ्या टेबलावर ठेवला आणि फोन समोर धरला.

"सर, हे कोन होय? यायले कोनाची आठवण येऊन राहिली?"

मी घाईघाईने सांगितलं, की हे माणूस नाही काकू, मशीन आहे. जो नाव घालतो आणि फिरकत नाही, त्याला ते आपोआप असा मेल पाठवतं.

काकूंनी एकदा भोयर सरांकडे पाहिलं. चष्मा, कानावरचे केस, शर्टावर पडलेला चहा, सगळं नीट पाहिलं.

"बराबर आहे," त्या म्हणाल्या. "मशीनच असन."

आणि डबा सरांपुढे सरकवून निघून गेल्या.

* * *

पुढच्या मॉड्यूलला 'पिअर रिव्ह्यू' आला. पिअर म्हणजे आपल्या बरोबरीचे. आपण निबंध टाकायचा, तो कोर्समधल्याच दुसऱ्या कोणीतरी तपासायचा. कोणाचा कोणी तपासला, हे कोणालाच कळत नाही.

मराठीच्या शेंडे मॅडमनी निबंध टाकला. शेरा आला: 'विचार चांगले. अक्षर सुधारावे.'

मॅडम माझ्याकडे आल्या. "सर, म्या तं टाइप केलं होतं. अक्षर कोनतं सुधारू?"

समोर भोयर सर बशीतून चहा पीत होते. बशीतून मान वर न काढता म्हणाले, "फॉन्ट बदलून पाहा."

सगळी स्टाफरूम त्यांच्याकडे वळली. सरांनी बशी खाली ठेवली.

"नाव नाही समजत म्हने याच्यात," ते हळूच म्हणाले.

* * *

शेवटची परीक्षा 'प्रॉक्टर्ड' होती. म्हणजे तुम्ही घरी बसून पेपर सोडवायचा आणि दूर कुठेतरी बसलेला माणूस कॅमेऱ्यातून तुमच्यावर नजर ठेवणार. खोलीत दुसरं कोणी दिसलं की पेपर रद्द.

आम्ही सगळे सुटलो. शेंडे मॅडमच्या पहिल्या पेपरात मात्र लाइन गेली. आता एकच अटेम्प्ट उरला होता, आणि तो हुकला तर त्यांची बढतीची फाइल वर्षभर तशीच पडणार होती. मॅडमनी मला लॅपटॉप लावून द्यायला घरी बोलावलं. घर विणकरांचं, कोशाचं रेशमी कापड विणणारं. त्या दिवशी खटखट नको म्हणून सासूबाईंनी हातमागही बंद ठेवायला लावला होता.

स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकटीत एक तरुण मुलगी दिसली. आवाज कोरडा, करडा.

"मॅडम, कमरा दिखाइए. टेबल के नीचे दिखाइए. दरवाज़ा बंद कीजिए."

मी दाराबाहेर ओसरीत, खिडकीशी बसलो. पेपर सुरू झाला. मॅडमची बोटं भरभर चालली होती. निम्मा पेपर झाला असेल, तोच आतलं दार उघडलं आणि सासूबाई जेवणाचं ताट घेऊन आत आल्या.

मॅडमचा हात हवेतच थांबला. मी खिडकीतून खुणा करत होतो, पण म्हातारीने कोणाकडेच पाहिलं नाही. ती सरळ लॅपटॉपसमोर जाऊन वाकली.

"सूनबाईची परीक्षा होय, मले समजते. तिच्याशी नाही बोलून राहिली मी. तुलेच पुसतो. केव्हाची एकटक पाहून राहिली तू. जेवली का वं माय?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

मग लॅपटॉपमधून आवाज आला. तोच आवाज, पण हळू.

"नाही जेवली, आजी. कायची भाजी होय?"