खारुन नदीत सोडलेले रिपोर्ट

मैत्रिणींनो, आज मी नवऱ्यासोबत पंडरी भागातल्या डॉक्टर मॅडमकडे गेली होती. तिसऱ्यांदा दुसऱ्याच महिन्यात गर्भ पडला, म्हणून.

मॅडमनं पहिलंच विचारलं, "आधीचे रिपोर्ट?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. अशुभ कागद घरात नको म्हणून सासूबाईंनी दरवेळी ते खारुन नदीत सोडायले लावले. मीही नवऱ्याच्या स्कूटीवर जाऊन गुपचूप सोडले.

तेवढ्यात नवऱ्यानं मोबाईल पुढे केला. त्यात तिन्ही वेळच्या रिपोर्टांचे फोटो होते, नदीकाठी, मी पाण्याजवळ हात जोडायले गेली तेवढ्यात स्कूटीच्या सीटवर ठेवून काढलेले. मले पत्ताच नव्हता.

"आईले सांगू नको," एवढंच बोलला.

मॅडमनं रक्त तपासायले घेतलं, त्याचे रिपोर्ट सोमवारी येतील. काही निघालं तर भीती, काहीच नाही निघालं तर त्याहून जास्त, मग इलाज तरी कशावर करणार?

पण हे नवे कागद सासूबाईंसमोरच कपाटात ठेवीन म्हणते. तुम्ही तुमचे ठेवले का?