शहराचा काळा झेंडा

"ए हबशा, काढ ते काळं फडकं."

हेडमास्तर हे माझ्या अब्बांना म्हणाले. सगळ्या पोरींसमोर. अब्बा आमच्याच शाळेत शिपाई होते. पोलीस ॲक्शनआधी हैदराबादला निजामाच्या हबशी घोडदळात होते. ते दळ मोडलं, अन् आम्ही औरंगाबादला आलो.

फडकं माझं होतं. चित्रकलेच्या सरांनी सांगितलं होतं, आपल्या शहराचा झेंडा करून आणा. कुणी लेणी काढली, कुणी दरवाजे. मी काळं कापड घेतलं. मधून निळी पट्टी शिवली, वर पांढरा ढोल. काळा रंग आमचा. ढोल आमच्या लग्नात वाजतो तो. निळी पट्टी नहरीची, शहराला पाणी देणाऱ्या कालव्याची. ही नहर आणणारा, हे शहर वसवणारा माणूस हबशीच होता. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेला.

हेडमास्तर म्हणाले, "शहराच्या झेंड्यात तुमचं काय काम? तुमचा देश तिकडं, समुद्रापल्याड."

पोरी हसल्या.

अब्बा स्टुलावर चढले. एकेक टाचणी काढली. झेंड्याची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली. माझ्याकडं बघितलं नाय. मला वाटलं, यांना इथं मीच उभं केलं.

"हिला माफी मागायला सांग. नाहीतर उद्यापासून तूही येऊ नको."

अब्बा जवळ आले. हळूच म्हणाले, "माँग ले, बेटी. नौकरी का सवाल है."

माफी ओठांवर आली होती. लई सोपी होती. पण कशाची मागायची? काळं असण्याची?

"नाय मागणार."

झेंडा उचलला अन् वर्गाबाहेर पडले.

अब्बांची नोकरी गेली. ते मोंढ्यात हमाली करू लागले. घोड्यावर बसलेला माणूस पाठीवर पोती वाहू लागला. अम्मी त्यांच्या सोललेल्या पाठीला तेल लावायची, तेव्हा मी तोंड फिरवून बसायची. मला ते एका शब्दानं बोलले नाय. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांना जाऊन वर्षं झाली.

लोक म्हणतात, एका शब्दानं बापाचे हाल टळले असते. व्हय, टळले असते. हे मला रोज ठाऊक असतं.

परवा माझ्या पोरीनं विचारलं, "अम्मी, परत तसंच झालं तर? मागशील माफी?"

"नाय," मी म्हणाले. "अन् तूही मागायची नाय. माझ्यासाठीसुद्धा नाय."