मीनलचं शेवटचं व्याख्यान

गाडी कासूला थांबली होती तेव्हा मीनलच्या नवऱ्याचा, अनंतरावांचा फोन आला. "मीनल गेली," एवढंच म्हणाले. मी रोह्याहून तिलाच भेटायला पेणला निघाले होते...

मीनल पेणच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. निवृत्तीनंतर ती जंगलांच्या इतिहासावर व्याख्यानं देऊ लागली. रोह्याच्या वाचनालयातली मी ठरवायचे. कोळशाच्या भट्ट्यांपायी डोंगर कसे बोडके झाले, साहेबाच्या राज्यात रान राखीव झालं आणि रानातलीच माणसं चोर कशी ठरली, हे ती असं सांगायची की वीज गेली तरी कुणी उठत नसे.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका व्याख्यानानंतर बारकी नावाची कातकरी बाई पुढे आली. तिच्या वाडीमागचं रान रस्त्यासाठी तोडायला घेतलं होतं. "बाई, हितं बोललात तसं तिकडं येऊन बोला. माजं नाय ऐकत, तुमचं ऐकतील," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वाडीवर गेलो.

करवतयंत्रं घरघरत होती. आडव्या पडलेल्या ऐनाच्या खोडापाशी उभी राहून मीनल बोलू लागली, वाचनालयात बोलायची तशीच. एकेक यंत्र थांबलं. मला वाटलं, जमलं... तेवढ्यात एक तिशीतला मजूर हळूच म्हणाला, "बाई, मी बारकीचाच मुलगा. तुमी बोलता ते खरं हाय. पन आज काम टाकलं तर ठेकेदार परत बोलवनार नाय. डोलवीला कंपनीत पन गेलतो, घेतलं नाय." बारकी मान खाली घालून उभी. मीनलचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. यंत्रं पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर तिने एकही व्याख्यान दिलं नाही. मी विनवलं, भांडले. "कुणाला सांगू गं?" ती म्हणायची. "ऐकणारे टाळ्या वाजवून घरी जातात. आणि तोडणाऱ्याला द्यायला माझ्याकडे आहे काय? इतिहास?" हळूहळू तिचं जेवण सुटलं, मग बोलणंही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय.

परवा, ती गेल्याला महिना उलटल्यावर, पुन्हा पेणला गेले. तिच्या खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो. तिची वेताची खुर्ची मात्र भिंतीकडे तोंड करून होती. मी ती वळवायला गेले, तर अनंतराव घाईने म्हणाले, "राहू द्या. शेवटी शेवटी तिनेच फिरवून घेतली होती."

मी तशीच बसले, डोंगराकडे पाठ करून. भिंतीवर बघायला काहीच नव्हतं.