एकच पाय सुजला होता

परवा गावाला जाताना बसमध्ये शेजारच्या बाईंनी गुडघ्याला लसणीचं तेल चोळायला घेतलं, आणि त्या वासासरशी मी गोडदेवच्या आमच्या जुन्या खोलीत जाऊन पोचले.

अण्णा, माझे वडील, तेव्हा सत्तरीला आलेले. असेच बसने रत्नागिरीहून परतले होते, पायांत तांदळाची गोणी दाबून, जागचे न हलता. दुसऱ्या दिवशी डावी पोटरी टम्म सुजली, लाल झाली, हाताला कढत लागायला लागली. आत्या तेल तापवून चोळायला बसलीच होती.

"प्रवासाने सुजलाय गं. चोळला की उतरेल," अण्णा म्हणाले.

"प्रवास दोन्ही पायांनी केलात ना? मग एकच कसा सुजला?" मी ओरडले आणि आत्याच्या हातातली वाटी हिसकावून घेतली.

डॉक्टर म्हणाले, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. चोळली असती तर सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. जिवावरचंच होतं.

"वाटेत पाणी तरी प्यायचं, जरा उतरून चालायचं!" मी अण्णांवर चिडले.

"पाणी प्यालो की गाडी थांबवायला सांगावं लागतं. माझ्या एकट्यासाठी सगळ्यांची खोटी कशाला?"

अस्सा संताप आला होता! माणूस मरता मरता वाचला, आणि ह्यांना गाडीची काळजी.

आता मीच त्यांच्या वयाची आहे. लेकीने दटावून दिलेली पाण्याची बाटली परवा बसमध्ये मांडीवर होती, आणि माणगाव मागे पडलं तरी तिचं झाकण मी उघडलं नव्हतं.