डावखुरीचा डाव

आजीने आयुष्यात डावं-उजवं कधी केलं नाही. सुना, लेकी, नातवंडं, सगळ्यांना ती सारखंच फटकारायची आणि सारखंच जवळ घ्यायची. अपवाद एकच, समोरच्या दुकानातला शिंपी मास्तर. त्याच्यावर तिने जो डूख धरला, तो मरेपर्यंत सोडला नाही. नातीला आजी आठवते ती अशीच, आणि तिला याची लाज वगैरे अजिबात वाटत नाही.

तरुणपणी आजी त्याच मास्तराकडे काज-बटण करायची. एक दिवस त्याची मोठी कात्री हरवली. भरल्या दुकानात तो ओरडला, "चोरटी कुठली! चालती हो!" आवाज कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत गेला.

"अहो मास्तर, मी डावखुरी," आजी म्हणाली. "तुमची उजव्या हाताची कात्री माझ्या हातात कापड नुसतं चावते. तिचं काय लोणचं घालू?"

गिऱ्हाइकं हसली. मास्तर म्हणाला, "विकून खाल्ली असशील." मग कुणी हसलं नाही. आजीला पुन्हा कुठल्याच दुकानाने कामावर घेतलं नाही.

तिने मशीन आणलं आणि रस्त्यापलीकडे, मास्तराच्या अगदी नाकासमोर, घराच्या पायरीवर मांडलं. डाव्या हाताने पाटी रंगवली: "मास्तरांनी बिघडवलेले कपडे इथे नीट करून मिळतील." कुणी त्याच्याकडे शिवलेला झगा घेऊन आलं की ती तो उंच धरायची. "अगं बाई, ही बाही आहे की बोगदा?" रस्ताभर ऐकू जायचं. "शिवायला दोन हात लागतात," ती नातीला सांगायची, "उसवायला जीभ पुरते." नातही डावखुरी निघाली. ती शिवण्याआधी उसवायलाच शिकली.

एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येऊ लागलं. मास्तराच्या दुकानात माशा उरल्या. नातीच्या आईला त्याची दया यायची. "जाऊ द्या आता, सासूबाई. झालं गेलं."

"झालं खरं," आजी म्हणायची. "गेलं कुठे? ज्या दिवशी तो तेवढ्याच मोठ्याने म्हणेल की मी खोटं बोललो, त्या दिवशी ही पाटी मी माझ्या हाताने काढीन."

शेवटच्या आजारात ती रोज विचारायची, "बोलला का गं?" नात खोटं बोलू शकली असती. ती म्हणायची, "नाही गं आजी." एके दुपारी आजी विचारायची थांबली. नातीला रडू आलं, पण ते रागाच्या मागून आलं.

महिन्याभराने मास्तर रस्ता ओलांडून आला. आयुष्यात पहिल्यांदाच. वाकला होता, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते नातीच्या मशीनवर ठेवलं. कात्री.

"कापडाच्या गठ्ठ्यात होती," तो पुटपुटला. "तेव्हाच सापडली होती, आठवड्याभरात."

"मग बोलला का नाहीत?"

"दुकानात माझी मान खाली गेली असती. पोरी, ती गेली आता. ही पाटी तेवढी काढ."

"काय झालं होतं ते आधी सांगा. तेव्हा न्हाव्यापर्यंत ऐकू गेलं होतं."

मास्तराने इकडेतिकडे पाहिलं. मग घसा फाडून ओरडला, "तिने कात्री चोरली नव्हती! मी खोटं बोललो!" न्हावी वस्तरा तसाच धरून बाहेर आला. त्याच्यामागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं.

नात उठली. पाटीला हात लावला. मास्तराच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं, आणि तिने हात मागे घेतला.

"आजी म्हणाली होती, मी माझ्या हाताने काढीन. आता तो हात कुठून आणू, मास्तर?"

मास्तर वळला, तेव्हा तिला त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण दिसलं. शर्ट त्यानेच शिवलेला.

"थांबा," ती म्हणाली. "बसा इथे."

तिने त्याला पाटीच्या बरोबर खाली, रस्त्याकडे तोंड करून बसवलं, सुईत दोरा ओवला आणि लोक जमेपर्यंत डाव्या हाताने सावकाश बटण लावत राहिली.