ओदीलबाईंची भिंत

म्हापशाच्या स्टँडवर शुक्रवारच्या बाजाराची एवढी गर्दी, की पेडण्याच्या बसमध्ये मी चढले नाही, चढवली गेले. मांडीवर कुणाची तरी माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळापानांची) पिशवी. "चवथीच्या तोंडावर कोण जातं का?" म्हणून घरचे ओरडले होते. पण सांगलीच्या शाळेत बावीस वर्षं चित्रकला शिकवली. आता निवृत्तीनंतर मासिकात वाचलेल्या कोरगावातल्या फ्रेंच चित्रकर्तीची भिंत मला बघायचीच होती.

एक थांबा आधीच उतरले आणि काजूच्या बागांमधून अर्धा तास चिखल तुडवला. घर सापडलं, तर दारात भांडण! एकीकडे घरमालकीण सुलोचनावहिनी, दुसरीकडे त्यांच्याकडे तीस वर्षं भाड्याने राहणाऱ्या ओदीलबाई. वय ऐंशीच्या आसपास, आखूड केस, लुंगी, कमरेवर हात.

गणपती बसतो त्या खोलीची मागची भिंत ओदीलबाई वर्षभर रंगवतात. डिचोलीच्या खाणीकडची लाल माती, काजळी, डिंक. चवथ आली की रिवाजाप्रमाणे भिंतीला चुना लागतो, सगळं पुसतं आणि गणपती गेल्यावर त्या नव्याने सुरू करतात.

"औंदा चुनो नको गो बाय," वहिनी कळवळून म्हणाल्या. "हात बघ कसो कापता तुजो. परत काढूक जमाचा नाय तुका. आमचो गणपती ह्या रंगातच बसतलो."

"चुनो होयो (हवा)!" बाई गरजल्या.

मी आत डोकावले. भिंतभर लाल रंग, त्याला चिरत गेलेल्या सरळसोट काळ्या रेघा. अंगावर काटाच आला. "अहो, हे पुसू नका हो!" मी मध्ये पडले.

बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पुढ्यात उंडो (गोल कडक पाव) आणि पातळ भाजी ठेवली. मी खात होते, त्या बोलत होत्या. तरुणपणी पॅरिसात नव्या चित्रकारांच्या टोळीत त्या एकट्या बाई. जग उलटं करायला निघालेले ते बहाद्दर यांना कॉफी करायला लावायचे. यांचं चित्र टांगलं कुठे, तर संडासाच्या दाराशेजारी! यांनी ते उतरवून सरळ फुटपाथवर मांडलं. पुढे चित्रं खपू लागली, तेव्हा विकणारा म्हणाला, अश्शीच दहा काढ. यांनी होती तीही फाडली.

"त्यांका जुनी ओदील होयी होती," त्या म्हणाल्या. "तुमकांय तीच होयी?"

मग वहिनींनीच डोळे पुसत चुन्याची बादली आणली. बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. भिंत पांढरी होईस्तोवर दुपार टळली. मी चक्क रडले, लाज कसली?

ओली भिंत सुकायची होती. बाईंनी लाल रंगात कुंचला बुडवला आणि ओढला. हात थरथरला, रेघ लटपटत वर गेली.

त्या मागे सरकून बघत राहिल्या. "अशी रेघ माका आधी कधी जमूक नाय," म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

"रवांदे (राहू दे) ती," वहिनी म्हणाल्या. "गणपती तिच्या म्होरच बसतलो. कोणाक काय बोलाचा ता बोलांदे!"

परतीच्या बसमध्ये माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्गात कुणा पोराचा हात कापला, रेघ वाकडी गेली, की मी ती पुसायला लावायची आणि वर सरळ रेघेसाठी हातात पट्टी द्यायची. बावीस वर्षं! कोणाकोणाच्या रेघा मी पुसल्या, आता आठवतही नाही.