आजोबांची गोधडी

दवाखान्यात वडिलांच्या रक्तात बुरशी सापडली. नेहमीची औषधं तिला लागू पडत नव्हती. ती कपड्यांवरही टिकते, खाटेवरचं काही घरी नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

आईनं आदल्या दिवशीच वडिलांच्या खाटेवरची गोधडी इंदुरीला, माझ्या बहिणीच्या घरी नेली होती. आजोबांच्या गोधडीत नातू निजावा, म्हणून ती नदीवर धुऊन तिच्या तान्ह्या बाळाखाली अंथरली होती.

"बाळाला काय हुईल?" आईनं डॉक्टरांना विचारलं.

"धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही."

"मग तुमी हातमोजे का घालता?"

"दुसऱ्या पेशंटांसाठी, मावशी."

तान्हं बाळ धडधाकटांत धरायचं का, ते मला कळेना. मी बहिणीला फोन केला. गोधडी काढ म्हणालो.

"का रं दादा? आत्ता कुटं झोपलाय तिच्यावर."

तरी काढ, म्हणालो.